काढलं नाही, पण पुन्हा बोलावलंही नाही

प्रश्न एका आईंचा आहे. त्यांचा 19 वर्षांचा मुलगा वर्षभरापासून एका रोजच्या मराठी मालिकेत धाकट्या दिराचं काम करतो. मालिकेत सुनेचा जो छळ दाखवतात तो त्याला पटत नाही. ‘मी यात काम करतो, पण तुम्ही ही मालिका पाहू नका’ असं सांगणारा व्हिडिओ त्याने फोनमध्ये तयार करून ठेवला आहे. आईने हटकलं तेव्हा त्याने अमेरिकेतल्या अँगस टी. जोन्सचा दाखला दिला. त्या मुलाने स्वतःच्याच मालिकेला घाण म्हटलं, तरी त्याला कुणी काढलं नाही, आणि 2023 मध्ये त्याच निर्मात्याने त्याला पुन्हा कामाला घेतलं. आई विचारतात: हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मी मुलाला अडवू का?

ताई, कलाकारांचे करार वाचणं आणि बिनसले की सोडवणं हे काम मी 22 वर्षं करते आहे. तुमच्या मुलाने सांगितलेलं सगळं खरं आहे. फक्त मधला काळ त्याने गाळला आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या काळात आहे. म्हणून आधी ते प्रकरण नीट सांगते.

‘टू अँड अ हाफ मेन’ ही सीबीएस वाहिनीवरची विनोदी मालिका सप्टेंबर 2003 मध्ये सुरू झाली. चक लॉरी आणि ली ॲरनसन हे तिचे कर्ते, निर्मिती वॉर्नर ब्रदर्सची. दोन भाऊ, चार्ली शीन आणि जॉन क्रायर, आणि नावातला तो ‘अर्धा’ म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा जेक. ते काम अँगसला मिळालं तेव्हा तो 9 वर्षांचा होता. मालिकेतले बहुतेक विनोद बाया, दारू आणि शरीरधर्म यांवरचे. ज्या वाक्यांचा अर्थ त्या पोराला कळतही नव्हता त्यांच्या आसपास उभं राहून तो निरागस चेहऱ्याने बोलायचा, आणि हशा त्या निरागसपणावरच पिकायचा. पुढे तो वाढला तसा जेकही वाढला, आणि निरागसपणाची जागा मठ्ठ, नशा करणाऱ्या पोराच्या विनोदांनी घेतली. 2010 च्या सुमाराला, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतबाहेर, त्याला एका भागाचे जवळपास 3 लाख डॉलर मिळतात अशा बातम्या होत्या. अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्या वयाचा इतका पैसा घेणारा दुसरा कुणी नव्हता.

2012 मध्ये त्याने आणखी एका वर्षाचा करार केला. आकडा साडेतीन लाखांवर गेल्याचं छापून आलं. त्याच वर्षी तो धर्माकडे वळला होता, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात गेला होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोररनर क्रॉनिकल्स नावाच्या एका ख्रिस्ती प्रचारगटाने त्याची मुलाखत बाहेर आणली. तीत तो म्हणाला की मी या मालिकेत आहे आणि मला त्यात राहायचं नाही, ती पाहणं बंद करा, डोक्यात घाण भरून घेऊ नका. खरा देवभीरू माणूस अशा मालिकेत काम करू शकत नाही, असंही तो म्हणाला. तेव्हा तो बरोबर तुमच्या मुलाच्या वयाचा होता.

दुसऱ्याच दिवशी, 27 नोव्हेंबरला, त्याचं माफीचं निवेदन आलं. ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुण कलाकाराला वाचायला देते. त्यात त्याने लॉरींचे, वॉर्नरच्या पीटर रॉथ यांचे आणि वाहिनीचे आभार मानले, सहकाऱ्यांचा अनादर झाल्यासारखं वाटलं असेल तर क्षमा मागितली. पण ‘मालिका घाण आहे’ हे वाक्य त्यात कुठेही मागे घेतलेलं नाही. माणसांची माफी मागितली, मत तसंच ठेवलं. 2014 मध्ये ह्यूस्टनच्या एका वाहिनीशी बोलताना त्याने हेच उघड सांगितलं: ही मालिका म्हणजे लॉरींचं अपत्य होतं आणि मी त्या अपत्याचा अपमान केला, तेवढ्यापुरतं मला वाईट वाटतं, बाकी बोललो त्याचा पश्चात्ताप नाही. आपण पैसे घेऊन ढोंग करत होतो, असंही तो तेव्हा म्हणाला.

आता गाळलेला भाग. त्याला काढलं नाही हे खरं. हंगामाचं उरलेलं काम त्याने केलं. पण करार एका वर्षाचा होता. एप्रिल 2013 मध्ये पुढचा हंगाम जाहीर झाला तेव्हा शीनच्या जागी आलेला ॲश्टन कुचर आणि क्रायर कायम राहिले आणि अँगस नियमित कलाकारांच्या यादीतून गेला. अधूनमधून दिसेल असं सांगितलं गेलं. अकराव्या हंगामात तो एकदाही दिसला नाही. कथेत जेक आधीच सैन्यात गेलेला होता, त्यामुळे तो कुठे गेला हे प्रेक्षकांना समजावण्याचीही गरज पडली नाही. अंबर टॅम्बलिनच्या रूपाने घरात नवं पात्र आलं. अँगस परत दिसला तो थेट 19 फेब्रुवारी 2015 च्या शेवटच्या भागात, पाहुणा म्हणून. त्यानंतर 2023 च्या अखेरीस लॉरींच्या ‘बुकी’ या नव्या मालिकेत, तिथेही पाहुणाच. त्याच मालिकेत चार्ली शीनसुद्धा होता.

शीनचं नाव घेतलंच आहे तर ते प्रकरणही शेजारी ठेवून पाहू, कारण तुमच्या मुलाच्या मनात हा प्रश्न येणारच: त्याला का काढलं आणि याला का नाही? फेब्रुवारी 2011 मध्ये शीनने रेडिओवर लॉरींना नावानिशी शिव्याशाप दिले. त्याआधीच त्याच्या व्यसनमुक्तीसाठी चित्रीकरण थांबलेलं होतं. हंगामाचे उरलेले 8 भाग रद्द झाले, 7 मार्चला त्याला काढलं, त्याने 10 कोटी डॉलरचा दावा लावला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. शीन माणसावर बोलला आणि त्याच्यामुळे काम बंद पडलं होतं. अँगस आशयावर बोलला, स्वतःच्या श्रद्धेच्या भाषेत बोलला, आणि सेटवर वेळेवर येत राहिला. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार धर्माच्या कारणावरून कर्मचाऱ्याला काढता येत नाही. 19 वर्षांच्या मुलाला ‘देवाचं नाव घेतल्याबद्दल’ काढलं असा मथळा कोणत्या स्टुडिओला हवा असेल? माझ्या वकिली डोक्याला तरी हे स्पष्ट दिसतं की, एक मोठं भांडण नुकतंच मिटवलेल्या कंपनीने दुसरं ओढवून घेतलं नाही. तिच्या हातात त्याहून सोपं, बिनखर्चाचं हत्यार होतं. तारीख संपेपर्यंत थांबायचं.

आपल्याकडे हेच हत्यार आणखी धारदार आहे, आणि हे तुम्ही नीट समजून घ्यावं म्हणून मी इतकं लांबून आले. मराठी किंवा हिंदी मालिकेतल्या मुलाला बहुतेक वेळा काढावं लागतच नाही. त्याचे पैसे दिवसावर असतात. महिन्यात इतके दिवस काम देऊ अशी हमी करारात असली तर असते, नवख्यांच्या करारात बहुधा नसतेच. मग ट्रॅक, म्हणजे कथेतलं त्याच्या पात्राचं काम, कमी होतो. वीस दिवसांचे बारा होतात, बाराचे चार. धाकटा दीर शिक्षणासाठी पुण्याला किंवा परदेशी जातो. मालिकेत लीप येतो, म्हणजे कथा काही वर्षं पुढे उडी मारते, आणि परतताना दुसराच चेहरा येतो. यातल्या एकाही गोष्टीवर कोर्टात जाता येत नाही, कारण कथा कुठे न्यायची हा चॅनेलचा आणि प्रॉडक्शनचा हक्क त्याने सही करून मान्य केलेला असतो. वर पैशाचा प्रश्न. आपल्या धंद्यात कामानंतर 90 दिवसांनी मोबदला देण्याची रीत वर्षानुवर्षं आहे. म्हणजे तुमचा मुलगा ज्या दिवशी व्हिडिओ टाकेल त्या दिवशी त्याची तीन महिन्यांची कमाई समोरच्याच्या खिशात असेल.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. मालिकेत तिच्या पात्रावर हात उगारण्याचे प्रसंग वाढत चालले होते. तिने ते जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि जे बोलली ते अगदी रास्त होतं. तिला कुणी रागावलं नाही, नोटीसही आली नाही. पुढच्या आठवड्यापासून कॉलटाइमचा, म्हणजे सेटवर कधी यायचं ते सांगणारा, मेसेज येणं बंद झालं, एवढंच. शेवटच्या अडीच महिन्यांचे पैसे मिळायला आम्हाला वर्षाच्या वर लागलं. त्या काळात ती दुसरीकडे काम करू शकत नव्हती, कारण करार चालू होता आणि एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मिळत नव्हती. सगळ्यांत जास्त त्रास तिला या शेवटच्या गोष्टीचा झाला. तिला न्याय मिळाला की नाही हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

‘पाण्यात राहून माशाशी वैर करू नये’ असं घरातले वडीलधारे तुम्हाला सांगतील. मी ते सांगणार नाही. उलट, मला तुमच्या मुलाचं कौतुक वाटतं. घराघरात रोज संध्याकाळी जे दिसतं त्याचा विचार सेटवर उभं राहून करणारी मुलं मला फार कमी भेटतात. माझा आग्रह एवढाच आहे की त्याने आधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्यावं: त्याला ही मालिका सोडायची आहे की ती बदलायला हवी आहे?

अँगसला सोडायची होती. ते तो पहिल्याच वाक्यात बोलला. दहा वर्षं काम झालेलं होतं, पैसा साठलेला होता, आणि तो पुढे कोलोरॅडो विद्यापीठात शिकायला गेला. बोलावणं न येणं ही त्याच्यासाठी शिक्षा नव्हती, सुटका होती. म्हणून त्याची रीत त्याला परवडली. त्याच्या बाजूने मला खटकतं ते एवढंच, की त्याच वर्षी त्याने सही केली होती. मन फिरलेलं असताना कराराचं टेबल ही बोलायची सगळ्यात चांगली जागा असते. तिथे ‘नको’ म्हणायला एकही शब्द जाहीर बोलावा लागत नाही आणि कुणाचं काही देणं लागत नाही. पण हा दोष मी त्या मुलावर टाकत नाही. ज्या पोराच्या वतीने नवव्या वर्षापासून मोठी माणसं सह्या करत आली, त्याला ‘तुला अजून करायचं आहे का?’ असं समोर बसवून कुणी विचारलं होतं का, ही शंका मला नेहमी येते. कॅलिफोर्नियात बालकलाकाराच्या कमाईतला 15 टक्के वाटा बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे 2017 पासूनच्या नियमांत बालकलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात आणि दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पैशांची आणि तासांची काळजी कायद्याने घेतली. मत विचारण्याचं काम घरच्यांवरच राहतं. तुम्ही ते करत आहात, म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर देते आहे.

आणखी एक गोष्ट. अँगसच्या तोंडासमोरचा कॅमेरा त्याचा नव्हता. तो एका प्रचारगटाचा होता, आणि त्या गटाला मालिकेचा प्रसिद्ध चेहरा हवा होता. ती मुलाखत त्याच्या मनातली होती यात मला शंका नाही, पण कधी दाखवायची आणि काय ठेवायचं हे त्याच्या हातात नव्हतं. तुमच्या मुलाच्या व्हिडिओमागे कुणी आहे का हे विचारा. एखादा यूट्यूब चॅनेल, एखादी संघटना, मालिकेतून बाहेर पडलेला एखादा नाराज मित्र. असला तर तो माणूस वाईटच असेल असं नाही. पण नंतरचे 90 दिवस त्याला मोजावे लागणार नाहीत.

आता मुलाला मालिका बदलायला हवी असेल तर. बदल होतो, मी झालेला पाहिला आहे. एका तरुण कलाकाराला बायकोला थप्पड मारण्याचा प्रसंग आला होता. तो सेटवर अडून बसला नाही. आदल्या रात्री सीन हातात आला तेव्हाच त्याने दिग्दर्शकाला फोन केला आणि सकाळी चॅनेलच्या ईपींना, म्हणजे कार्यकारी निर्मात्यांना, चार ओळी लिहिल्या: हे पात्र गेले तीन महिने जसं वागलं आहे त्यात हा हात बसत नाही, त्याऐवजी तो घर सोडून जातो असं करता येईल का. ‘हे स्त्रीविरोधी आहे’ असं एकदाही न लिहिता त्याने पात्राच्या तर्कावर बोट ठेवलं. लेखकालाही ते पटलं, कारण लेखकही बहुतेकदा त्या थपडेने खूश नसतो. तो गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांना उत्तर देत असतो. प्रसंग बदलला. पुढच्या वेळी बदलला नाही. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बदलला. ही हळू चालणारी वाट आहे, आणि तिचं श्रेय पडद्यावर कुणालाच मिळत नाही.

तसं करूनही काही हललं नाही, तर बोलायचा हक्क त्याला आहेच, पण तो कुठवर ते माहीत असू द्या. ‘मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे’ हे तरुण मुलं माझ्या टेबलावर येऊन फार सांगतात. घटनेचं कलम 19 मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतं. प्रॉडक्शन हाउसशी स्वखुशीने केलेल्या करारातल्या अटींतून ते आपोआप सोडवत नाही. त्याच्या करारात मालिकेची, चॅनेलची किंवा निर्मात्याची बदनामी होईल असं काही बोलणार नाही, असं कलम नक्की असेल. त्यापुढे दंडाची एक भयंकर रक्कमही लिहिलेली असू शकते. त्या आकड्याला घाबरू नका. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. तसंच, जबरदस्तीने अभिनय करून घेण्याचा हुकूम कुठलंही कोर्ट देत नाही. मात्र कराराची मुदत संपेपर्यंत दुसरीकडे काम करण्यावर मनाई मिळू शकते. तुमच्या घराला खरा धोका दंडाच्या आकड्यापेक्षा या मनाईचा आहे, कारण विशीतल्या मुलाचं एक वर्ष त्यात जातं.

आणि मत व आरोप यांची सरमिसळ करू देऊ नका. ‘सुनेचा छळ रोज दाखवणं मला चुकीचं वाटतं’ हे मत आहे. ‘निर्माता सेटवर मुलींना त्रास देतो’ हा आरोप आहे. तो खरा असेल तर त्याची जागा व्हिडिओ ही नाही. त्यासाठी अंतर्गत समिती आहे, पोलीस आहेत, ‘सिन्टा’ ही कलाकारांची संघटना आहे. आणि तसं काही असेल तर मला लगेच फोन करा, हे सगळं पत्र बाजूला ठेवू. आशयाबद्दल तर कुठलाही प्रेक्षक वाहिन्यांच्या तक्रार परिषदेकडे, बीसीसीसीकडे, लिहू शकतो. ती परिषद 2011 पासून आहे. त्यासाठी तुमच्या मुलाचा चेहरा लागतच नाही.

‘पाहू नका’ हे शब्द मात्र त्याने व्हिडिओतून काढावेत असं माझं स्पष्ट मत आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. त्या मालिकेवर स्पॉटदादा, मेकअपदादा, हेअरड्रेसर, लाइटवाले, इस्त्रीवाल्या मावशी अशी माणसं रोजावर जगतात. त्यांनी ती थप्पड लिहिली नाही. काम करत असताना त्याच कामावर बहिष्कार घाला म्हणणं आणि महिनाअखेर त्याचेच पैसे घेणं, हे अँगसला स्वतःलाही पुढे टोचलं. ‘ढोंग’ हा शब्द त्याने स्वतःसाठी वापरला तो यासाठीच. तुमच्या मुलाला हे आत्ताच कळलं तर पुढची टोचणी वाचेल.

तेव्हा मुलाला अडवू नका, थोडं थांबायला सांगा. व्हिडिओ पुसायला लावू नका. तो त्याने प्रामाणिकपणे केला आहे आणि कदाचित पुढे लागेलही. त्याच्यासोबत बसून तो एकदा पूर्ण पाहा आणि त्यात नाव घेतलेले प्रसंग एका कागदावर उतरवा: कुठला भाग, कुठला सीन, त्याला काय खटकलं, त्याजागी काय चाललं असतं. मग तो कागद आधी दिग्दर्शकाला आणि मग ईपींना, दोघांनाही ईमेलवर, म्हणजे तारीख राहील. कराराची मुदत कधी संपते ते पहिल्या दोन पानांत असेल, आणि रिन्यूअलचा हक्क कुणाकडे आहे ते त्याखाली. हक्क एकट्या प्रॉडक्शनकडे असेल तर नकार किती दिवस आधी लेखी द्यायचा, तेही तिथेच असेल. बदनामीचं कलम बहुधा शेवटून तिसऱ्या-चौथ्या पानावर सापडेल. ही पानं मला स्कॅन करून पाठवा, आणि सोबत थकलेल्या दिवसांचा हिशेबही. येत्या रविवारी तो शूटवर नसेल तर त्याला घेऊनच या. जे काही ठरेल ते त्याच्यासमोर ठरू दे.